लांब पट्टा, आखूड पट्टा

माझ्या दुकानात ऑक्टोबरच्या अखेरीला एक भांडण सुरू होतं, ते मार्च संपेपर्यंत मिटत नाही. बाहेर रस्त्यावर अजून चिखल असतो, बर्फ फक्त शिखरांवर असतो, आणि आत कॉफीच्या किटलीभोवती आठ-दहा जण पट्ट्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. आमच्या गाड्यांना चाकं नाहीत. पुढे दोन स्की, खाली रबराचा रुंद पट्टा. पट्ट्याला आडवी पाती असतात, ती बर्फ ओरबाडून मागे फेकतात आणि गाडी पुढे जाते. पट्टा किती लांब आणि पाती किती उंच, वाद एवढाच. पण ऑल्डर फॉर्क्समध्ये सख्खे भाऊ या वादापायी वेगवेगळ्या टेबलांवर बसून जेवलेले मी पाहिले आहेत.

मी गर्डा लिंडाल. तेवीस वर्षं या गावात स्नोमोबिल दुरुस्त करते, पट्टे बदलते. कुणी मला विचारलं की कुठला चांगला, तर मी सांगते, दोन्ही चांगले आणि दोन्ही बेइमान. लांब पट्टा खोल, ताज्या बर्फावर तरंगतो. त्या बर्फाला आम्ही पीठच म्हणतो. वजन पसरतं, गाडी खाली बसत नाही, उभा चढ चढतच राहते. पण दाट झाडीत त्याला वळायला सांगा, ओंडक्यांच्या ट्रकसारखा सरळ जातो. आखूड पट्टा कमरेच्या एका हिसक्यावर वळतो, पण खोल पिठात चढावर जरा थांबलात की जागच्या जागी स्वतःची कबर खणतो.

एमरी हॅल्स्टेड आखूड पट्ट्याचा माणूस होता. आमच्या खोऱ्यातला सगळ्यांत जुना वाटाड्या. नॉर्डबीबाईंच्या लॉजवर शहरातून हौशी लोक यायचे, त्यांना तो डोंगरात नेऊन जिवंत परत आणायचा. वय बासष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि जीभ अशी की समोरच्याची सालं काढावीत. एकशे चौपन्न इंचांहून लांब पट्टा त्यानं जन्मात लावला नाही.

"त्याहून लांब हवा असेल तर सरळ होडीच घ्या," असं तो म्हणायचा.

त्याची एकुलती एक मुलगी कोरिना, शाळेची बस चालवायची. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच. तिनं लग्न केलं कोल्बी पेट्राशुकशी. कोल्बी सपाट मुलखातून आलेला, तेलाच्या विहिरींवर काम करून हात काळे आणि खिसा गरम झालेला. लग्नात एमरी ग्लास उचलून उभा राहिला आणि म्हणाला, "कोरिनाला लहानपणापासून मोडक्या वस्तू घरी आणायची सवय आहे. एकदा पंख मोडलेला कावळा आणला होता. तो निदान आठवड्यात मेला तरी."

लोक हसले. कोल्बीही हसला. मी कोरिनाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, केकवरचं क्रीम चमच्यानं सपाट करत होती.

पुढची तीन वर्षं एमरीनं जावयाला त्याच्या नावानं हाक मारली नाही. "तेलवाला" म्हणायचा. "तेलवाल्या, डोंगर म्हणजे जमीन उभी केलेली असते, हे तुम्हाला शाळेत सांगत नाहीत का?" कोल्बी रुतला की सगळ्यांना थांबवून, हेल्मेट काढून, निवांत बघत बसायचा. "खण. खणून खणूनच शिकतं माणूस." आणि आम्ही सगळे बसून बघायचो. मीसुद्धा. आमच्याकडे ही रीतच आहे. नवा माणूस रुतला की आधी हसायचं, मग कॉफी प्यायची, मग फावडं काढायचं.

पण कोल्बी शिकला. तोंडातून शब्द न काढता शिकला. चौथ्या हिवाळ्यात त्यानं विहिरींवरचं काम सोडलं, वाटाड्याची परीक्षा दिली आणि माझ्याकडून एकशे पंचाहत्तर इंची पट्टा बसवून घेतला. पाती तीन इंचांची, इंजिनाला टर्बो. गाडी माझ्या दुकानातून बाहेर काढताना दारात उभ्या असलेल्या एमरीला म्हणाला, "बाजूला हो जरा, होडी जाऊ दे."

त्या जानेवारीत ऐरणीच्या उतारावर जे झालं ते मी पाहिलं नाही, पण गावातल्या प्रत्येकानं पाहिलं, कारण कोल्बीनं ते फोनवर टिपलं होतं. ऐरण म्हणजे आमच्याकडचा सगळ्यांत उभा मोकळा चढ. लॉजचे सहा पाहुणे खाली उभे. एमरी आधी चढला. गुडघ्यांनी दगा दिला की पिठानं, कोण जाणे. दोन तृतीयांश चढून गाडी मंदावली, पट्ट्यानं खाली खड्डा पाडला, आणि एमरी हॅल्स्टेड कमरेइतका बर्फात गाडला गेला. कोल्बी त्याच्या शेजारून, हात लांबवला असता तर शिवता आलं असतं इतक्या जवळून, माथ्यापर्यंत गेला. वळला. सावकाश खाली आला, गाडी आडवी लावली आणि फोन काढला.

"एमरी," तो त्या चित्रफितीत म्हणतो, "पट्टा आखूड झालाय, की तू?"

पाहुणे हसतात. मग तो दोर फेकतो आणि सासऱ्याला पाहुण्यांदेखत ओढून काढतो.

बारमध्ये आठवडाभर ती चित्रफीत फिरली. एमरी रोजच्यासारखा येऊन बसायचा, बिअर संपवायचा, जायचा. फेब्रुवारी लागला तसं नॉर्डबीबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की पुढच्या हंगामापासून मुख्य वाटाड्या कोल्बी असेल, आणि एमरीनं नवशिक्यांना सपाटीवर फिरवावं. त्यावरही तो काही बोलला नाही. एमरीला गप्प बसलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांत ऐंशी सेंटिमीटर बर्फ पडला आणि आकाश मोकळं झालं. उणे बावीस. सकाळी एमरी दुकानात आला. कोल्बी तिथेच पट्ट्याचा ताण तपासत होता.

"चाळणीत चल," एमरी म्हणाला. "ऐरण काय, कुणीही चढेल. उतरायला अक्कल लागते."

चाळण म्हणजे सिडारच्या दाट झाडीची घळ. वरून आत शिरायचं, झाडांमधून गाळून निघाल्यासारखं खाली यायचं. तळाशी ओढा.

"माझा पट्टा चाळणीसाठी नाही," कोल्बी म्हणाला. खरं तेच म्हणाला.

"हो का? मग मुख्य वाटाड्याचे पाहुणे चाळणीत अडकले, तर त्यांना आणायला कोण जाणार? नवशिक्यांचा म्हातारा?"

दुकानात चौघे-पाचजण होते. कुणीतरी खाकरलं. कोल्बीनं पाना खाली ठेवला.

मी त्यांच्याबरोबर गेले, कारण एका गिऱ्हाइकाची एकशे पासष्टची गाडी मला खोल बर्फात चालवून बघायची होती. हे कारण खरं आहे. पण मला तमाशा बघायचा होता, हेही खरं आहे.

घळीच्या तोंडाशी पोचलो. एमरी म्हणाला, "गर्डा, तू वरच थांब. तिघं एकदम नको." आणि शिरला. त्या वयात, त्या गुडघ्यांवर, असं कुणाला चालवताना मी पाहिलं नाही. गाडी या अंगावर, त्या अंगावर, झाडांमधून नुसती ओतत होता. मागून कोल्बी. त्याची लांब गाडी वरच्या मोकळ्या भागात झकास चालली. पुढे झाडी दाटली तसे त्याचे ब्रेक ऐकू यायला लागले, फांद्या मोडल्याचे आवाज आले. मग दोघंही दिसेनासे झाले. मग एक इंजिन एकदम बंद पडलं, आणि थोड्या वेळानं दुसरंही बंद झालं. ते कुणीतरी हातानं बंद केलं होतं. दोन्हींतला फरक मला कानानं कळतो.

मी गाडी सोडून कडेकडेनं चालत पुढे गेले. पीठ मांड्यांपर्यंत. जिथून खालचं दिसतं तिथवर पोचायला पाच-सात मिनिटं लागली.

ओढ्याच्या अलीकडे एक मोठा खडक आहे. तिथे डावीकडे झटकन वळलं तर बर्फाच्या भक्कम पुलावरून पलीकडे जाता येतं. एमरीला तो पूल तीस वर्षांपासून ठाऊक. त्याच्या पट्ट्याचा माग तिथे चाकूनं कापल्यासारखा वळलेला होता. कोल्बीचा माग वळायला लागला होता, पण वळला नव्हता. तो सरळ गेला होता, आणि जिथे संपला होता तिथे बर्फात एक भोक होतं. भोकातून गाडीचं मागचं टोक वर आलेलं, लांब पट्टा आकाशाकडे.

कोल्बीचं डोकं आणि खांदे दिसत होते. तो ओरडत होता. शब्द कळत नव्हते.

पलीकडच्या काठावर, साठएक पावलांवर, एमरी आपल्या गाडीवर आडवा बसला होता. हेल्मेट काढलेलं. सुक्या मांसाची पट्टी चावत होता.

मी रेडिओ दाबला. "एमरी, रुतलाय तो."

"दिसतंय मला."

"मग?"

"लांब पट्टा आहे ना त्याच्याकडे? निघेल."

मी हसले.

हे मी सांगितलं नाही तरी कुणाला कळणार नाही, म्हणून सांगते. मी मोठ्यानं हसले. बर्फात बूड टेकलं, थर्मास काढला आणि कॉफी ओतली. रीतच होती ती. कोल्बी हात हलवत होता, बर्फाची भिंत धरायला जात होता, भिंत ढासळून त्याच्याच अंगावर येत होती, आणि वरून ते गमतीचं दिसत होतं. खाली पाणी आहे हे मला दिसत नव्हतं. एमरीला दिसत होतं. तो समोरच्या बाजूला, उतारावर होता.

दुसरा कप ओतला. थंडी वाजायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओरडणं थांबलंय. केव्हा थांबलं ते सांगता येणार नाही.

"एमरी?"

त्यानं माझ्याकडे पाहून हात वर केला. थांब.

मी आणखी थोडी थांबले. तेही सांगते.

मग मी उतरायला लागले. घसरत, झाडांना धरत. मला उतरताना पाहून एमरीनं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि खाली आला. दोन मिनिटं लागली त्याला. त्याहून जास्त नाही.

कोल्बी मांड्यांपर्यंत ओढ्यात होता. डावा पाय गाडीची स्की आणि धोंडा यांच्यामध्ये पकडला गेला होता. रेडिओचा माइक पडताना तुटला होता. ओठ निळे, दाढीत बर्फ, डोळे उघडे. थरथरणंसुद्धा थांबलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो एमरीकडे बघत होता.

"चल रे तेलवाल्या, खणून शिकलास ना?" एमरी म्हणाला. पण त्याचा आवाज निम्म्यात फाटला, आणि पाण्यात हात घातल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं होतं दहा मिनिटं झाली असतील. तो तसं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "दहा मिनिटं, गर्डा. दहाच मिनिटं." पाऊण तास झाला होता.

आम्ही कोल्बीला काढलं, सिडारच्या सुक्या फांद्या पेटवल्या, माझे मोजे घातले. बूट कापूनच काढावे लागले. पाय मेणाचे केल्यासारखे झाले होते. तिथून गावापर्यंत दोन तास.

रस्त्याला लागण्याआधी एमरीनं गाडी थांबवली आणि माझ्याशी बोलला. कोल्बी माझ्या मागे बांधलेला होता, डोकं माझ्या पाठीवर.

"मीपण रुतलो होतो," एमरी म्हणाला. "म्हणून उशीर झाला. आणि तू वर होतीस, तुला काही दिसलं नाही."

मी मान हलवली.

बोटं आधी काळी पडली. मग सहा आठवडे शहरातल्या इस्पितळात वाट पाहिली, कुठपर्यंत जगतंय ते बघायला. उजव्या पायाची पाचही बोटं गेली, डाव्याचा पुढचा निम्मा पाय गेला. गावानं मदतीसाठी केक भाजून विकले, वर्गणी काढली. एमरीनं बारमध्ये आपली गोष्ट दोनदा सांगितली, दोन्ही वेळा मी शेजारी होते. नॉर्डबीबाईंनी त्याला पुन्हा मुख्य वाटाड्या केलं. दुसरा होताच कोण?

कोल्बी एप्रिलच्या शेवटी घरी आला. मी त्याला माझ्या दुकानात गल्ल्यावर नोकरी दिली. कोणी म्हणालं, "गर्डाचं मन मोठं." मी ते ऐकून घेतलं.

पहिल्याच सकाळी एमरी त्याला ट्रकमधून घेऊन आला. कोल्बी दाराजवळच्या बाकावर बसला, बाहेरचे बूट काढले. आत घालायचे वेगळे होते, पुढच्या पोकळीत फोम भरलेले, खास शहरातून करून आणलेले. दुकानात सहा-सात माणसं होती.

"एमरी," तो म्हणाला. "बूट."

मला वाटलं, उचलून दे म्हणतोय. एमरीनं बूट उचलले. उभा राहिला. मग एका हातानं बाकाची कड धरून तो हळूहळू खाली गेला. आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा. टेकताना होणारा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्यानं कोल्बीचा पाय हातात घेतला, मोजा सारखा केला, बूट चढवला, नाडी बांधली.

"सैल आहे."

त्यानं पुन्हा सोडून बांधली.

गिऱ्हाइकांतल्या बॉब सीमननं भिंतीवरच्या पट्ट्यांच्या किमती वाचायला सुरुवात केली, जशा काही त्यानं त्या कधी वाचल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मे, जून. बर्फ गेला, लोक मासे धरायला लागले, दुकानात होड्यांची इंजिनं आली, आणि रोज सकाळी आठ वाजता एमरी हॅल्स्टेड माझ्या लाद्यांवर गुडघे टेकत होता. जे त्याला जन्मभर भ्यायले होते ते आता त्याच्यासमोर आवाज चढवून बोलायला लागले. कुणी म्हणायचं, "एमरी, माझेही चकाकवून दे की." तो नाडीच ओढत राहायचा. ती सालं काढणारी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

एकदा कोल्बी मागच्या खोलीत एकटा असताना मी पाहिलं. बूट ओला झाला होता म्हणून त्यानं काढला, पुसला आणि स्वतः घातला. नाडी बांधली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"तुला येतं की," मी म्हणाले.

"येतं."

"मग बस कर आता. त्याचे गुडघे बघ."

कोल्बीनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. थकवा होता. "मला नको सांगूस," तो म्हणाला.

मला वाटलं, हा माणूस आतून सडलाय. सप्टेंबरच्या एका रविवारी मी कोरिनाकडे गेले. जाताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. खडक, पूल, कॉफी, सगळं. म्हणजे तिला कळेल की तिच्या बापानं काय केलं, मग ती नवऱ्यालाही समजावेल, आणि मला झोप येईल.

ती स्वयंपाकघरात बटाट्याच्या पेरोगी वळत होती, उकडायच्या करंज्याच त्या, कोल्बीच्या आईची पद्धत. मी बसले. म्हणाले, "कोरिना, त्या दिवशी तुझे डॅड रुतले नव्हते."

"माहीत आहे," ती म्हणाली. हात थांबला नाही. "कोल्बीनं पहिल्याच रात्री सांगितलं. गुंगीचं औषध दिलं होतं, तरी सगळं नीट सांगितलं. डॅड काय खात होते तेही."

"मग तू..."

"मी विचारलं, तुला काय हवंय? पोलीस? तो म्हणाला, काही नको. इथून जाऊ, आईकडे जाऊ. बाकी काही नको मला." तिनं एका पेरोगीची कड दाबून बंद केली. "त्याला खरंच काही नको होतं, गर्डा. तो तसाच आहे. हे बुटांचं मी ठरवलंय."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते.

"मी डॅडना सांगितलं, एक तर मी गावात सगळ्यांना सांगेन, नॉर्डबीबाईंना सांगेन, पोलिसांना सांगेन, आणि तुम्ही मला पुन्हा बघणार नाही. नाहीतर रोज सकाळी त्याला बूट घालायचे. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी विचारलं, तुम्हाला तिथून खाली यायला किती वेळ लागला असता? म्हणाले, दोन मिनिटं. मग मी म्हटलं, बघू."

"कोल्बीला हे नको असेल तर..."

"कोल्बीला नाही बघवत. तोही म्हणतो, पुरे. मी म्हणते, तू फक्त 'बूट' म्हण, बाकी काही म्हणू नकोस. माझ्यासाठी म्हणतो तो." तिनं पीठ झटकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "घरीही घालता आले असते बूट. हॉलमध्ये बाक आहे आमच्या. तुझ्याच दुकानात का घालायला लावते, विचार ना."

मी विचारलं नाही.

"तिथे वर बसून किती कप कॉफी प्यालीस?"

"दोन," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि मला डब्यात पेरोगी भरून दिल्या. दोन डझन. आंबट सायीची वाटीसुद्धा दिली.

मी त्या खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. अजून फ्रीझरमध्ये आहेत.

नोव्हेंबर आला, किटलीभोवतीचं भांडण पुन्हा सुरू झालं. एका सोमवारी एमरीचा डावा गुडघा खाली जाताना मध्येच अडकला. तो कुशीवर पडला, बाकाच्या पायाला डोकं लागलं. कोल्बी उठायला गेला, पण त्याचाही तोल जाईल म्हणून मी त्याला धरलं. एमरी स्वतःच उठला, ओणवा झाला, आणि त्याच अवस्थेत दुसरा बूट चढवून नाडी बांधली. कपाळावरून रक्ताची एक बारीक रेघ नाकापर्यंत आली होती. कोल्बी भिंतीकडे बघत होता.

मला वाटलं, आता संपलं. मी कोरिनाला फोन केला, झालं ते सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. बस दारात उभी केली, पोरांना शाळेत सोडून आलेली. दुकान भरलेलं होतं. तिच्या हातात एक बसकं लाकडी स्टूल होतं, वर उशी शिवलेली. तिनं ते बाकासमोर ठेवलं, हातानं दाबून डुगडुगत नाही ना ते पाहिलं.

"डॅड, ह्यावर बसा," ती म्हणाली. "गुडघ्यांना त्रास नको."

आवाज इतका मायेचा होता की एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं "किती गोड मुलगी" म्हटलं.

एमरी बसला. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती त्याच्या कपाळावरची पट्टी सारखी करत होती. मग त्यानं हात पुढे केला आणि कोल्बीचा पाय मांडीवर घेतला. कोरिनानं बापाच्या टाळूवर ओठ टेकले आणि निघून गेली. बस सुरू झाल्याचा आवाज आला.

कॅलगरीहून आलेला एक दंतवैद्य पहिलीच गाडी घ्यायला आला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो गल्ल्याकडे बघत म्हणाला, "मला जरा सांगा, खोल पिठासाठी पट्टा किती लांब घेऊ?"

मग खालून, स्टुलावरून, एमरी बोलला. किती महिन्यांनी त्याचा आवाज दुकानात ऐकू येत होता.

"वजन किती तुमचं?"

"नव्वद किलो."

"एकशे पासष्ट घ्या. पाती अडीच इंची. तीन इंची नको, गोठलेल्या वाटेवर तापतात. झाडीतही वळेल, चढावर बसणारही नाही." तो थांबला. "आणि कुणी म्हणालं की चाळणीत चल, तर जाऊ नका."

दंतवैद्याला खाली बसलेल्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही ते कळेना. त्यानं कोल्बीकडे पाहिलं.

"त्याचं ऐका," कोल्बी म्हणाला. "पट्ट्यांतलं त्याला कळतं."

मग त्यानं दुसरा पाय पुढे केला. एमरीनं मोज्याची सुरकुती काढली, बूट चढवला आणि नाडीची दोन्ही टोकं ओढली. मी एकशे पासष्टचा पट्टा काढायला मागच्या खोलीत गेले.